बाठा रुजतो, पण हापूस का उगवत नाही?

मुरुडला उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेला पाहुणा हापूस खाऊन झाला की एखादा चांगला बाठा धुऊन पिशवीत टाकतो. पुण्या-मुंबईच्या अंगणात लावायचा, असा त्याचा बेत असतो. वाडीतले कोणीतरी जाणते माणूस मग त्याला सांगते, ‘लावा हो, पण हापूस धरेल म्हणून वाट बघू नका. हापूस हवा तर कलम न्या. बाठ्याचा रायवळच होणार.’

दापोली तालुक्यातल्या या गावाला महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पलीकडे समुद्र. इथल्या कोणालाही रायवळ आणि कलमी यांतला फरक शिकवावा लागत नाही. पण बाठा हापूसच्याच पोटातून निघालेला असताना त्याचे झाड हापूसचे का होत नाही, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळायला शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. शिवाय हे उत्तर शेवटी पोहोचते ते थेट कर्करोगाच्या दवाखान्यात.

आंब्याच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या 20 जोड्या असतात. जोडीतले एक गुणसूत्र आईकडचे, दुसरे बापाकडचे. मोहोरातल्या फुलात परागकण आणि बीजांड तयार होताना या जोड्या फुटतात आणि प्रत्येक परागकणाला जोडीतले एकच गुणसूत्र मिळते. हे अर्धसूत्री विभाजन. प्रत्येक जोडीतले कोणते गुणसूत्र कोणाच्या वाट्याला जाणार, हे नाणेफेकीसारखे ठरते. वीस नाणी उडवली तर 10 लाख 48 हजार 576 वेगवेगळे निकाल लागू शकतात. म्हणजे एकाच हापूसच्या मोहोरातले दोन परागकण तंतोतंत सारखे असण्याची शक्यता दहा लाखांत एक. त्यात समोरच्या बीजांडाची अशीच नाणेफेक मिळवा. हापूस स्वतःच केव्हातरी एका बाठ्यातून उगवलेले, गुणांचा विलक्षण मेळ जमलेले झाड असणार. तो मेळ नाणेफेकीत मोडतो. कलम बांधताना मात्र फूल, पराग, बीज यांतले काहीच मध्ये येत नाही. फांदीची साधी पेशी वाढत राहते, म्हणून तो मेळ जसाच्या तसा टिकतो. कोकणातले एकूण एक हापूसचे कलम अशा रीतीने एका जुन्या झाडाचाच विस्तार म्हणायला हवे.

पण नाणेफेक ही या कथेची अर्धीच बाजू आहे. दुसरी बाजू जास्त चमत्कारिक आहे.

जोडीतली दोन गुणसूत्रे वेगळी होण्याआधी एकमेकांना बिलगतात आणि आपापले तुकडे बदलून घेतात. याला पारगती किंवा क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. 1931 मध्ये हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकेतल्या दोन संशोधक स्त्रियांनी मक्याच्या गुणसूत्रांवर सूक्ष्मदर्शकाखाली हे सिद्ध केले. तुकड्यांची अदलाबदल होते हे कळले, पण ती घडते कशी? एवढा लांबलचक धागा नेमक्या जागी कापायचा, समोरच्या धाग्याला जोडायचा, तोही एक अक्षर न चुकता. हे काम करते कोण?

उत्तर असे निघाले की पेशी आपला डीएनए मुद्दाम तोडते आणि मग दुरुस्त करते. ती दुरुस्ती करताना अदलाबदल होऊन जाते.

हे समजायला पोथीचा दाखला सोयीचा आहे. घरात एकाच पोथीच्या दोन हस्तलिखित प्रती आहेत, एक आजोळहून आलेली आणि एक वडिलांकडची. मजकूर तोच, पण कुठे एखादा शब्द वेगळा, कुठे ओळ. एका प्रतीचे पान फाटले तर दुसरी प्रत शेजारी ठेवून मजकूर उतरवून घेता येतो. कधी उतरवणारा एक-दोन ओळींपुरतेच काम करतो. कधी मात्र फाटल्या जागेपासून पुढची सगळी पाने एका पोथीतली दुसरीत आणि दुसरीतली पहिलीत बांधली जातात. पहिल्या प्रकारात दुरुस्ती झाली, पण मोठी देवाणघेवाण झाली नाही. दुसरा प्रकार म्हणजे पारगती.

डीएनए तोडणाऱ्या प्रथिनाचे नाव एसपीओ-11. यीस्टमध्ये 1997 साली त्याची करणी उघड झाली आणि नंतर वनस्पतींपासून माणसापर्यंत सगळीकडे त्याचे भाऊबंद सापडले. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्याशा रोपात गुणसूत्रांच्या फक्त पाच जोड्या असतात. तरी अर्धसूत्री विभाजनाला बसलेल्या त्याच्या एका पेशीत डीएनए साधारण दीडशे ते अडीचशे ठिकाणी तुटतो. दोन्ही पदर तुटलेला डीएनए ही पेशीच्या दृष्टीने सर्वांत गंभीर इजा. क्ष-किरणांनी किंवा गॅमा किरणांनी होते तीच. परागकण तयार करण्यासाठी झाड अशी इजा स्वतःच्या हाताने शेकडो ठिकाणी करून घेते.

मग दुरुस्तीवाले धावतात. एमआरई-11 आणि आरएडी-50 यांची टोळी तुटलेली टोके साफ करून एक पदर मोकळा करते. बीआरसीए-2 हे मोठे प्रथिन त्या मोकळ्या पदरावर आरएडी-51 आणि डीएमसी-1 यांना नेऊन बसवते. ही दोघे त्या पदराला हात धरून जुळणाऱ्या मजकुराच्या शोधात नेतात. इथे एक बारकावा आहे. पानांच्या, मुळांच्या साध्या पेशीत डीएनए तुटला तर पेशी नुकत्याच निघालेल्या हुबेहूब नकलेवरून दुरुस्ती करते. ती नक्कल मूळ मजकुराचीच असल्याने नवे काहीच घडत नाही. अर्धसूत्री विभाजनात मात्र जवळची नक्कल सोडून मुद्दाम दुसऱ्या पालकाच्या प्रतीकडे जावे लागते. डीएमसी-1 हे प्रथिन त्यासाठीच आहे आणि ते फक्त याच विभाजनात कामाला येते. अरॅबिडॉप्सिसमध्ये ते बंद पाडले तर तुटलेले डीएनए दुरुस्त होतात खरे, पण शेजारच्या नकलेवरून. जोड्या जमत नाहीत, गुणसूत्रे एकेकटी भटकतात आणि बी जेमतेम धरते.

आरएडी-51 बंद पाडल्यावर काय होते, ते 2004 मध्ये पाहिले गेले. रोप नेहमीसारखे वाढले, पाने आली, फुलेही आली, पण बी एकही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांचे तुकडे तुकडे झालेले दिसले. तोडणारा हजर होता, सांधणारा गैरहजर. उंदरात हेच जनुक बंद केले तर पिल्लू गर्भातच दगावते. झाडाचे निभावते, फक्त वंश खुंटतो.

हीच नावे रुग्णालयातल्या कागदांवरही भेटतात. अभिनेत्री अँजेलिना जोलीने 2013 मध्ये आपल्या बीआरसीए-1 जनुकातल्या दोषाबद्दल जाहीरपणे लिहिले आणि ‘कर्करोगाचे जनुक’ असा शब्द घरोघरी गेला. तो शब्द चुकीचा आहे. बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही दुरुस्तीची जनुके आहेत. ती प्रत्येक माणसात असतात, बायकांत आणि पुरुषांत सारखीच. अरॅबिडॉप्सिसमध्येही ती आहेत, बीआरसीए-2 तर दोन प्रतींत. जनुक असणे हा आजार नव्हे. त्यात बिघाड असणे हा धोका. असा बिघाड घेऊन जन्मलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना आयुष्यात केव्हातरी स्तनाचा कर्करोग होतो, बीजाशयाच्या कर्करोगाचीही जोखीम वाढते. मात्र स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी जेमतेम पाच ते दहा टक्केच असे आनुवंशिक असतात. म्हणून सरसकट सगळ्यांनी तपासणी करून घ्यायची गरज नसते. घरात एकाच रक्ताच्या दोघी-तिघींना हा आजार झाला असेल, तो ऐन तरुण वयात झाला असेल, कोणाला बीजाशयाचा कर्करोग असेल किंवा घरातल्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर मात्र जनुकीय सल्ल्याची चौकशी जरूर करावी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र सोय आहे. आणि हा बिघाड बापाकडूनही येतो. ‘आमच्या आईच्या माहेरी कोणाला नाही’ एवढ्यावर इतिहास संपवणाऱ्या रुग्णांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

यादी इथे संपत नाही. एमएलएच-1 या जनुकातल्या दोषाने लिंच सिंड्रोम होतो आणि त्या घराण्यात मोठ्या आतड्याचे कर्करोग लवकर उद्भवतात. झाडात हेच एमएलएच-1 आपल्या एमएलएच-3 या जोडीदाराबरोबर बऱ्याचशा पारगती पक्क्या करते. फॅन्कोनी ॲनिमिया या रक्ताच्या आजाराच्या अभ्यासातून एफएएनसीएम हे नाव आले. ब्लूम सिंड्रोममध्ये बीएलएम नावाचे जनुक बिघडलेले असते. ठेंगणी शरीरयष्टी, उन्हाने उठणारे चट्टे आणि कर्करोगांची रांग ही त्याची खूण. वनस्पतींत याच बीएलएमचा भाऊ रेकक्यू-4 नावाने ओळखला जातो. माणसातही जवळपास याच नावाचे एक जनुक आहे, पण ते वेगळे. नावांच्या या गोंधळात विद्यार्थीच काय, प्राध्यापकही अडखळतात.

मग बीआरसीए बिघडलेल्या झाडाला कर्करोग का होत नाही? वनस्पतीच्या पेशी आपापल्या भिंतीत चिणलेल्या असतात. एखादी पेशी बेफाम वाढली तरी तिची गाठ होते, पण ती जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसू शकत नाही. प्राण्यांत कर्करोग जीव घेतो तो बहुतेक वेळा पसरल्यामुळे. झाडाला ती भीती नाही. दुरुस्तीतल्या बिघाडाचा हिशेब तिथे फुलात चुकता होतो.

आता एक गोष्ट विचार करण्याजोगी. अरॅबिडॉप्सिसमध्ये दीडशे-अडीचशे ठिकाणी डीएनए तुटतो, पण पारगती होतात जेमतेम दहा. प्रत्येक जोडीला किमान एक हवीच, नाहीतर जोडी नीट फुटत नाही, गुणसूत्रे भलत्याच बाजूला जातात. माणसात अशा चुकीतून डाऊन सिंड्रोमसारखे प्रकार होतात, झाडात वांझ पराग. पण किमान संख्या गाठली की बाकीच्या तुटी पेशी साध्या उतरवणीने मिटवून टाकते. जणू कोणीतरी पारगतींना लगाम घालून बसले आहे.

हा लगाम शोधण्याची युक्ती फ्रान्समधल्या व्हर्सायच्या संशोधकांनी काढली, ती एखाद्या शेतकऱ्याला सुचावी इतकी सोपी आहे. त्यांनी पारगती होत नसल्यामुळे जवळजवळ वांझ असलेली रोपे घेतली. त्यांच्या शेंगा आखूड असतात. त्यांच्यावर रसायनाची प्रक्रिया करून आणखी उत्परिवर्तने घडवली आणि मग पुन्हा लांब शेंग धरणारे रोप नजरेने हुडकले. जिथे शेंग लांब, तिथे कुठला तरी लगाम सुटलेला. 2012 मध्ये या शोधातून एफएएनसीएम हाती लागले. ते बंद केले की पारगती तिपटीने वाढतात. पुढे रेकक्यू-4 आणि एफआयजीएल-1 सापडली. ही दोन्ही एकदम बंद केल्यावर संकरित रोपातही पारगती जवळपास आठपट झाल्याचे 2018 मध्ये दिसले. त्याच वर्षी भात, वाटाणा आणि टोमॅटोमध्येही रेकक्यू-4 बंद केल्यावर ही संख्या सुमारे तिप्पट झाली. एफएएनसीएमचा परिणाम मात्र संकरित रोपांत फारसा टिकला नाही. पैदासकाराला नेमकी संकरितातच गरज असते, त्यामुळे ही निराशा लहान नव्हती.

शेतीला याचा उपयोग काय, हे कोकणच्या खाजणात उभे राहिले की कळते. खाऱ्या जमिनीत टिकणारा केरळचा पोक्कळी भात जुना आणि नामी. त्याच्या पहिल्या गुणसूत्रावरच्या ‘सॉल्टोल’ या भागात खार सोसण्याचा गुण आहे. तो आपल्या चांगल्या वाणात आणायचा तर संकर करावा लागतो. पण गुण एकटा येत नाही, शेजारची नको असलेली जनुकेही चिकटून येतात. ती सुटी व्हायला नेमक्या त्या जागी पारगती व्हावी लागते आणि ती केव्हा होईल हे नशिबावर. म्हणून पैदासकार पिढ्यान्‌पिढ्या हजारो रोपे लावून त्यातली एखादी निवडतात. पारगती वाढल्या तर ही वाट आखूड होईल. गहू आणि बार्लीत तर बहुतेक पारगती गुणसूत्रांच्या टोकांनाच होतात, मधली कितीतरी जनुके एकमेकांना बांधलेलीच राहतात.

आंब्यात ही वाट आणखी लांब. बाठा लावल्यापासून फळाची चव कळेपर्यंत वर्षे जातात. हाताने परागीभवन केलेल्या फुलांपैकी फारच थोडी फळाला येतात. तरीही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये ‘रत्ना’ बाहेर आला. नीलमकडून दरवर्षी फळ धरण्याचा आणि साका न पडण्याचा गुण, हापूसकडून गोडी. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 मध्ये ‘सिंधू’ आला, त्याची कोय इतकी पातळ की बिनकोयीचा आंबा म्हणूनच तो ओळखला जातो. या दोन्ही झाडांमागे कुठल्यातरी मोहोरात, कुठल्यातरी एका पेशीत नेमकी झालेली फाळणी आणि जोडणी आहे. बाजाराने मात्र रत्नाला हापूसची गादी दिली नाही. मुंबईचे गिऱ्हाईक नाव विचारते, साका आहे की नाही हे घरी गेल्यावर बघते. 2020 मध्ये हापूसचा संपूर्ण जनुकीय आराखडा वीस गुणसूत्रांसह प्रसिद्ध झाला आहे, त्यामुळे कोवळ्या रोपाच्या पानावरूनच पुढच्या फळाचा अंदाज बांधण्याची वाट मोकळी होत आहे.

मुरुडच्या वाडीतल्या माडाची अडचण उलटी आहे. आंब्याचे कलम होते, माडाचे होत नाही. त्याला वर एकच कोंब, फांदी नाही. ‘बाणवली’ या उंच माडात परागीभवनही बहुधा दुसऱ्या झाडाकडून होते. म्हणजे वाडीतला प्रत्येक माड हा रायवळच. चांगले झाड बघून त्याचा नारळ रुजत घालायचा, एवढेच हातात असते. आई ठाऊक असते, बाप ठाऊक नसतो. तीही नाणेफेकीतून आणि फाटाफुटीतून अर्धीच उतरते.

आता उलट्या दिशेचा प्रयत्न. पारगती वाढवायच्या नाहीत, पूर्ण थांबवायच्या. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने ‘सह्याद्री’ हे संकरित भात दिले. संकरित भात पहिल्या वर्षी जोमाने पिकते, पण त्याचेच दाणे पुढच्या वर्षी पेरले तर शेत एकसारखे येत नाही. कारण पुन्हा तेच, अर्धसूत्री विभाजनाने मेळ मोडलेला. म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते. जर भाताच्या बियालाच कलमासारखे वागायला लावले तर?

या वाटेवरचे एक महत्त्वाचे पाऊल हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत पडले. इम्रान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवले की अरॅबिडॉप्सिसचे एकच जनुक बिघडवले तर काही बीजांडे अर्धसूत्री विभाजन न करताच तयार होतात, आईची सगळी गुणसूत्रे घेऊन. पुढच्याच वर्षी फ्रेंच गटाने तीन जनुके एकत्र बंद केली. त्यातले एक आपले ओळखीचे एसपीओ-11. डीएनए तुटलाच नाही तर दुरुस्ती नाही आणि अदलाबदलही नाही. उरलेल्या दोघांनी विभाजनाची पद्धत साध्या पेशीसारखी केली. भातात 2016 मध्ये हेच जमले. पण असे पराग आणि असे बीजांड एकत्र आले तर गुणसूत्रे दुप्पट होतील, म्हणून बीजांडाने परागाविना गर्भ धरायला हवा. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे इम्तियाज खांडे आणि व्यंकटेशन सुंदरेशन यांच्या गटाने ‘बेबी बूम’ हे जनुक बीजांडात जागे करून तेही साधले. त्या वेळी तीसेक टक्क्यांपर्यंत दाणे आईची हुबेहूब नक्कल होते. 2022 मध्ये हे प्रमाण 95 टक्क्यांच्या वर गेले.

शेतकऱ्याचा बियाण्याचा खर्च यातून खरोखर वाचेल का, हे प्रयोगशाळेत ठरणार नाही. बियाणे कोणाच्या मालकीचे असेल, कोणत्या दराने मिळेल, यावर ते अवलंबून राहील. जनुक संपादित भाताचे पहिले दोन वाण भारताने मे 2025 मध्ये जाहीर केले, पण ते साध्या बदलाचे आहेत. बियाणेच कलम करणाऱ्या या भाताची परीक्षा अजून व्हायची आहे. शिवाय सगळे शेत एकाच मेळाचे झाले की एखाद्या रोगाला वाट सापडली तर तो सगळ्या शेतात सारखाच शिरतो. हापूसच्या बागायतदारांना तुडतुडे आणि भुरीच्या वर्षी याची चव कळलेली आहे.

रायवळाचे मोल इथे येते. रस्त्याकडेची, परड्यातली जुनी रायवळ झाडे लाकडासाठी आणि रुंदीकरणासाठी सर्रास तोडली जातात, कारण त्यांच्या आंब्याला भाव नाही. पण एका रायवळाची चव दुसऱ्याला नसते. कोणी आंबट, कोणी धाग्याचा, कोणी साखरेसारखा, कोणी अवेळी मोहोरणारा. इतक्या वर्षांच्या तोडण्या-जोडण्यांचा हा साठा आहे आणि तो एकदा गेला की कोणत्याही प्रयोगशाळेत परत करता येणार नाही.

मे-जूनमध्ये कोकणातल्या रोपवाटिका गावोगावचे रायवळाचे बाठे गोळा करतात. ते गादीवाफ्यात रुजत घालतात. दोन आठवड्यांत तांबूस पानांचा कोंब वर आला की तो कापून त्यावर हापूसची काडी बांधतात. हेच कोय कलम. पाहुणा पिशवीत घालून नेतो ते हापूसचे कलम जमिनीच्या वर त्याच एका जुन्या झाडाचे असते. जमिनीखाली मात्र प्रत्येकाचे मूळ वेगळ्या रायवळाचे असते.